निशाणी एक : बदक

फ्रेडरिक सरांना या सगळ्या प्रकरणातून मिळणार काय होतं, ते आधी मांडतो. वाचनालयातली एक फळी. स्वतंत्र कपाट नव्हे, लोखंडी मांडणीतली फळी. तिच्या वर जुनी पंचांगं, खाली जुने दिवाळी अंक, मधली सरांची. खिडकीजवळ असल्यामुळे उजेड बरा, पावसाळ्यात थोडी ओल. फळीच्या कडेला चिठ्ठी : ‘स्थानिक लेखक, फ्रेडरिक नुनीस, समग्र साहित्य’. शाल मिळण्याची शक्यता होती, नारळाची खात्री होती.

मला काय मिळणार होतं, तेही लपवत नाही. निमंत्रणपत्रिकेत ‘संकल्पना व संयोजन’ या शब्दांपुढे माझं नाव. मी सगळी नोकरी हिशेब खात्यात काढली. तिथे माणसाचं नाव छापून येतं ते एकदाच, निवृत्तीच्या परिपत्रकात, आणि तेही ‘खालील कर्मचारी’ या मथळ्याखाली. तेव्हा ‘संकल्पना’ या शब्दाशेजारी स्वतःचं नाव दिसणार म्हटल्यावर माझा तोल किती गेला असेल, याची कल्पना हिशेब खात्यातल्या माणसालाच यावी.

तिसरे चंद्रहासराव, आमच्या सोसायटीचे चेअरमन. मी सेक्रेटरी. ज्या गोष्टीचा फोटो निघाला नाही ती घडलीच नाही, असं चंद्रहासराव मानतात. त्यांच्या आईच्या तेराव्याला फोटोग्राफर उशिरा आला तर त्यांनी गुरुजींना अर्धा विधी पुन्हा करायला लावला होता. सोसायटीच्या वर्धापनदिनाला दर वर्षी सत्यनारायण आणि संगीत खुर्ची होते. यंदा ‘काहीतरी वैचारिक’ करावं, असं त्यांनी सभेत मांडलं आणि वैचारिक म्हणजे काय असं कुणी विचारायच्या आत माझ्याकडे बोट दाखवलं.

वैचारिक माणूस आमच्या इमारतीत एकच. फ्रेडरिक सर. पहिला मजला, जिन्यासमोरचं दार. सर मूळचे वसईच्या कोळीवाड्यातले, पाचूबंदरचे. घराण्यातले सगळे समुद्रावर गेले, हेच एकटे कागदावर गेले, असं त्यांच्या पत्नी लूर्डसबाई सांगतात, आणि सांगताना असा उसासा टाकतात की दोहोंत कागद जास्त बुडवणारा असावा असं वाटतं.

सरांनी लिहिलं काय काय? पहिलं आणि सर्वांना ठाऊक असलेलं, ‘बदकताईंचा आवाज’. पान उलटलं की पुठ्ठ्याचं पिवळं बदक उभं राहतं आणि त्याच्या पोटातली रबरी पुंगी दबून ‘प्यॅऽक’ असं ओरडतं. मग ‘बोंबिलभाऊ’. हे पुस्तकच बोंबलाच्या आकाराचं, लांबट आणि शेपटीकडे निमुळतं. आमच्या मुलानं, कौस्तुभनं, लहानपणी त्याची शेपटी चावून खाल्ली होती. मग ‘भोकातून बघा’. सगळ्या पानांना मधोमध एकच गोल भोक. एका पानावर त्या भोकाचा चंद्र होतो, पुढच्यावर बैलगाडीचं चाक, त्यापुढच्यावर मेदूवडा. मग ‘वास घ्या, ओळखा’. पानावरचा ठिपका चोळायचा आणि हुंगायचं : मोगरा, सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी, सुका जवळा. मोगरा पहिल्याच पावसाळ्यात गेला, सुकेळी काही वर्षं टिकली, जवळा अजून आहे. याशिवाय केळीवरच्या रोगांची एक सचित्र पुस्तिका आणि ‘लग्नसमारंभातील निवडक भाषणे’. त्यातलं नवऱ्याच्या मामाचं भाषण वसईत आजही जसंच्या तसं ठोकलं जातं आणि सर पंगतीत खाली मान घालून ऐकतात.

आणि या सगळ्यांच्या मागे, एकटं, ‘परतलेल्यांच्या चुली’.

एकाहत्तरचं युद्ध संपलं आणि पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित परत आपापल्या गावी निघाले, तेव्हा मदतीचं सामान घेऊन गेलेल्या एका पथकाला घोंगड्या उचलणारा आणि पत्रं लिहिणारा असा दुहेरी उपयोगाचा तरुण हवा होता. सर गेले. घोंगड्या वाटता वाटता, गावी पोचलेल्या लोकांना घराच्या जागी काय सापडलं ते लिहीत गेले. एका साप्ताहिकाला तारीखवार वार्तापत्रं पाठवली. साप्ताहिक बंद पडलं. सरांनी पदरमोड करून पुस्तक काढलं, गठ्ठे मेव्हण्याच्या गोदामात ठेवले आणि एका उधाणाला खाडी गोदामात आली. एक प्रत वाचली. बदकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या.

मी फळीची योजना सांगितली तेव्हा सर खिडकीत बसून दाढीचा ब्रश धूत होते.

“सेक्रेटरी,” ते म्हणाले, “फळी द्या, नका देऊ. मला त्या दिवशी एक पान वाचू द्याल का? ‘चुली’तलं.”

“एक का सर, दहा वाचा!”

“एकच. पण लोकांनी ऐकायला पाहिजे. मी बाजारात गेलो तरी म्हातारे बाप्ये मला बघून ‘प्यॅक’ करतात. मिस्सेला गेलो तर फादर हळूच विचारतात, नवीन बदक कधी? एकदा, जायच्या आधी एकदा, एक पान बदकाशिवाय.”

“पुरे करा,” लूर्डसबाई आतून म्हणाल्या. “जायच्या आधी म्हनजे कुठं चाललात? पानी भरायला कोन आहे मग?”

सर हसले नाहीत. मी मनात लिहून घेतलं : मुख्य मागणी, एक पान. फळी आनुषंगिक.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांची पिशवी घेऊन मी वाचनालयात गेलो. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे रोज फुकट पेपर वाचायला जायचं असतं. तिथली ग्रंथपाल उन्नती ही अत्यंत गोड बोलणारी मुलगी आहे. नियम सांगताना ती आणखी गोड होते, त्यामुळे ती हसली की मी सावध होतो.

तिनं ‘बोंबिलभाऊ’ उचललं, उलटंसुलटं केलं आणि हसली.

“काका, नंबर पुस्तकाच्या पाठीवर लागतो. याची पाठ तर इथून निमुळती होत जाते. शेपटीवर लावू?”

“लाव की.”

“शेपटी कुणीतरी खाल्लीय.”

मी कौस्तुभचा विषय काढला नाही. तिनं ‘भोकातून बघा’ घेतलं.

“हे खराब झालंय, काका.”

“खराब नाही गं. ते भोक लेखकानं पाडलंय.”

“लेखकानं पाडलं काय, वाळवीनं पाडलं काय, रजिस्टरात रकाना एकच आहे. ‘खराब’. आणि खराब पुस्तक देणगीत घेता येत नाही.” मग तिनं ‘वास घ्या’ उघडलं, डोळे मिटले, उघडले. “हे मी कपाटात ठेवलं ना काका, तर अख्ख्या वसईतली मांजरं सभासद होतील.”

‘चुली’ तिनं नुसती पाहिली. कडा पिवळ्या नव्हे, तपकिरी झालेल्या. पान उचललं तर कोपरा बोटाला लागून येणार. तिनं ती हळूच परत पिशवीत ठेवली, आणि त्याबद्दल मी तिला शंभरातले शंभर गुण देतो.

“सगळी पक्की बांधून आणा. जाड पुठ्ठा, एकसारखी. मग मी नंबर देते.”

एकसारखी! हा शब्द कानावर पडला आणि मला सुख झालं. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, एका उंचीची रांग. आयुष्यभर ज्यानं खतावण्या पाहिल्या त्याला सौंदर्य दिसतं ते असंच दिसतं.

सोसायटीत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. तळमजल्यावरचा केल्विन म्हणाला, “अंकल, बाइंडिंग कशाला? लॅमिनेट करा. माझं रेशन कार्ड बघा, पुरात पोहून आलंय.” दुसऱ्या मजल्यावरच्या डायनाबाई म्हणाल्या की बोंबील फ्रेम करून हॉलमध्ये लावावा, समुद्राची दृश्यं शुभ असतात. लिफ्टमध्ये एका भाडेकरूनं ‘चांगलं काम केलंत’ म्हणून माझं अभिनंदन केलं. त्याची समजूत होती की पुस्तकं मी लिहिली आहेत. मी चौथा मजला येईपर्यंत ती दूर केली नाही.

शहाणा सल्ला एकटीनंच दिला, विनयानं, म्हणजे माझ्या बायकोनं. “आधी त्या जुन्या पुस्तकाची झेरॉक्स काढा. एकच प्रत आहे म्हणताय ना?”

बायकोचा सल्ला मी मानला, याची नोंद व्हावी. मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं एक पान काचेवर ठेवायला उचललं आणि कोपऱ्याचा तुकडा फुंकरीनं उडाला. तो म्हणाला, “काका, हे पापड आहेत. आधी बांधून आणा, मग काढतो.” म्हणजे बांधण्याआधी झेरॉक्स हवी आणि झेरॉक्सआधी बांधणी हवी. अशा वेळी शासन समिती नेमतं. मी बांधणी निवडली.

लूर्डसबाईंनी दार अडवलं. “त्या पुस्तकावर मी फडका पन मारत नाय. आनि तुम्ही पिशवीत घालून कुठं फिरवता?”

“माझी जबाबदारी,” मी म्हणालो.

हे दोन शब्द मी नोकरीत कधीही, कुठल्याही कागदावर लिहिले नव्हते. निवृत्त झाल्यावर माणूस बेफिकीर होतो.

सायमनचं नाव चंद्रहासरावांनी सुचवलं. कोर्टामागच्या गल्लीत सायमन वकिलांची कागदपत्रं बांधतो. चंद्रहासरावांचा भावाबरोबर वाटणीचा दावा होता, त्याची फाईल त्यानंच शिवली होती. “दावा आम्ही हरलो,” चंद्रहासराव अभिमानानं म्हणाले, “पण फाईल अजून सुटली नाही.”

सायमनच्या दुकानात सुई-दोरा, गोंद, जाड पुठ्ठे आणि छतापर्यंत लोकांची भांडणं होती. त्यानं पिशवी घेतली आणि पेन काढलं.

“कुणाचं मॅटर?”

“फ्रेडरिक नुनीस.”

“सगळं एकाच पार्टीचं?”

“सगळं त्यांचंच. कुठलाही कागद इकडचा तिकडे होता कामा नये. हे जुनं पुस्तक फार महत्त्वाचं आहे, मूळ प्रत आहे.”

“मूळ आहे म्हणजे तेच मेन,” सायमन म्हणाला. “बाकीचं त्याच्या आधाराला. समजलं. तारीख?”

“रविवार.”

“रविवारी?”

“कार्यक्रम आहे. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, सगळं एकसारखं.”

“समोरची पार्टी कोण?”

मी त्याच्या विनोदाला मोकळेपणानं हसलो. तो हसला नाही. पावती फाडली आणि बदकाला दोन बोटांनी दाबून बघितलं. ते ओरडलं. शेजारच्या टेबलावर प्रतिज्ञापत्र लिहीत बसलेल्या एका वकिलानं वर पाहिलं आणि पुन्हा लिहू लागला. त्या गल्लीत माणसं याहून विचित्र ओरडत असावीत.

रविवारी सकाळी सायमन स्वतः पार्सल घेऊन आला. तपकिरी कागद, सुतळी, वर लाखेचं सील. एकच पार्सल, पण वजन असं की केल्विननं खालून हात दिला तेव्हा ते टेबलावर चढलं. पिशवीभर पुस्तकं दिली होती आणि हा एक चौकोनी ठोकळा, हे मला जाणवलं नाही असं नाही. एकत्र गुंडाळली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. उघडून बघू या म्हटलं तर चंद्रहासराव पार्सलवर आडवे पडले.

“सील मंचावर फुटेल! फोटो काय उघड्या पुस्तकांचा काढायचा?” आणि त्यांनी सुतळीवर गुलाबी रिबिनीचं फूल बांधलं.

कार्यक्रम पार्किंगमध्ये होता. गाड्या बाहेर काढल्या होत्या, खांबांना झेंडूच्या माळा. खुर्च्या सगळ्या भरल्या, कारण नंतर पावभाजी होती. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आले. पुढच्या खेपेला ते माजी राहणार नाहीत असा त्यांचा अंदाज होता, त्यामुळे बराच वेळ बोलले. साहित्य, समुद्र आणि सांडपाणी या तिन्ही विषयांना त्यांनी हात घातला. सर कोपऱ्यात बसले होते. पांढरा शर्ट, लग्नातला कोट. ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. विनया म्हणाली, “पान पाठ म्हणताहेत.”

सील फुटलं. फोटो निघाला. कागद उलगडला आणि आतून एकच ग्रंथ निघाला. मरून, सोनेरी, उंबऱ्याइतका जाड. वर अक्षरं : ‘फ्रेडरिक नुनीस विरुद्ध’, आणि पुढे मोकळी जागा.

मी गर्दीत सायमनला शोधू लागलो. चंद्रहासरावांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या घरी असाच एक आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, लोकांनी वाजवल्या. सरांनी ग्रंथ जवळ ओढला आणि चष्मा लावला. पानं चाळताना त्यांचा हात एकदा थांबला. पण वर त्यांना आपलं पान सापडलं, जपून चिकटवलेलं, कडा नव्या कागदानं सांधलेल्या. त्यांचा चेहरा उजळला. मीही सुटकेचा श्वास सोडला. ते उभे राहिले. माइकनं एकदा शिट्टी मारली आणि पार्किंग शांत झालं. खरोखर शांत. मागे पावभाजीचा तवा होता, त्यानंसुद्धा खडखड थांबवली.

सर वाचू लागले.

“‘गावाच्या जागी नुसती जोती होती. बाईनं आपलं जोतं ओळखलं ते चुलीवरून. तिचे तीन दगड होते तिथेच होते. ती खाली बसली आणि दगडांमधलं गवत हातानं उपटू लागली.  मग मागच्या तळ्याकडे बघून ती म्हणाली, जाताना सोडून दिली होती. आता एकही बदक उरलं नाही.’”

सरांनी पान उलटलं.

पिवळं बदक टुणकन उभं राहिलं आणि माइकमध्ये ओरडलं, “प्यॅऽऽक!”

 मग पहिल्या रांगेतून एक हसू फुटलं आणि ते मागच्या रांगेपर्यंत असं पसरलं की खांबावरच्या माळा हलल्या. माझंही तोंड हललं. विनयानं ते पाहिलं.

सरांनी बदक दाबून बसवलं. ते बसताना पुन्हा ओरडलं. पुढच्या पानावर दुसरं बदक होतं, त्याच्या पुढे तिसरं. सर एकेक उलटत गेले, कारण त्यांच्या पानाचा उरलेला मजकूर या बदकांच्या पलीकडे होता. तो सापडला.

“‘वाऱ्याबरोबर सडलेल्या मासळीचा वास येत होता. तळं—’” इथे तुकडा संपला. पुढचं पान ‘वास घ्या, ओळखा’चं. सरांचा अंगठा नेमका ठिपक्यावर. माजी नगरसेवक ओरडले, “अहो, खरंच येतोय की वास!” आणि ते मांडीवर थाप मारून हसू लागले. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, “सर म्हातारपणी फॉर्मात आलेत!”

“‘उरलेल्या एका भिंतीला भोक पडलं होतं,’” सर वाचत होते, आता जरा मोठ्यानं, “‘त्यातून पलीकडचं आभाळ—’”

पुढच्या पानाला गोल भोक होतं. ते उलटताना सरांनी पान डोळ्यांसमोर उभं धरलं आणि त्या भोकातून त्यांचा एक डोळा आम्हां सगळ्यांना दिसला. चष्म्यामागे, मोठा झालेला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हे बसवलेलं आहे.

सर थांबले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो. बोंबील आला, करपा पडलेली केळीची पानं आली, नवऱ्याच्या मामाचं भाषण आलं, तरी मधले आपले तुकडे शोधून काढत त्यांनी पान शेवटपर्यंत वाचलं. शेवटची ओळ त्यांचे ओठ हलताना दिसली, तेवढीच. तोवर तव्याची खडखड सुरू झाली होती.

माजी नगरसेवकांनी त्यांना मिठी मारली. “सर, हसवून मारलंत! युद्धावर एवढं विनोदी आजवर ऐकलं नव्हतं.”

नारळ मिळाला. शालही मिळाली.

मी सायमनला जिन्याखाली गाठलं. त्याचा चेहरा समाधानानं फुलला होता.

“हे काय केलंस?”

“का? काय सुटलं का?” त्यानं घाबरून विचारलं. मग शांतपणे समजावलं, “साहेब, एक पार्टी म्हणजे एक पेपरबुक. मेन मजकूर तारीखवार लावला. आणि मजकुरात ज्याचा उल्लेख येतो ते त्याच्या मागे निशाणी म्हणून जोडायचं, हा कोर्टाचा शिरस्ता. बदकाचा उल्लेख होता, तिथे पान कापलं, बदक जोडलं. निशाणी एक. वासाचा होता, वास जोडला. मामाच्या भाषणाला जागा मिळेना, अख्खं वाचून काढलं तेव्हा एका ठिकाणी ‘मामा’ शब्द सापडला. दोन दिवस जेवायला घरी गेलो नाही. लहानमोठं होतं ते सारखं कापलं. पण पुंगीला हात नाही लावला. मुद्देमालाशी छेडछाड मी करत नाही.”

“उसवता येईल?”

“कोर्टाची शिलाई आहे ती. आणि तो कागद? उसवला तर पानं नाही येणार हातात, भुसा येईल.” तो जरा घुटमळला. “आणि ती विरुद्धची पुढची जागा... तुम्ही समोरच्या पार्टीचं नाव दिलं नव्हतं. कळलं की सांगा, भरून देतो.”

भांडायला काही जागा असती तर बरं झालं असतं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

सोमवारी ग्रंथ वाचनालयात गेला. उन्नतीनं पाठ पाहिली, सरळ, रुंद, भक्कम. तिला इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. “बघा काका, असं पाहिजे!” मग तिनं रजिस्टर उघडलं. पुस्तक एक, म्हणून नंबर एक. एका पुस्तकाला फळी देता येत नाही, तसा ठराव नाही. विषय काय लिहायचा? तिनं मधोमध उघडलं, बदक ओरडलं, विषय ठरला. बालविभाग, खालचा कप्पा. मधल्या फळीवर दिवाळी अंक सरकले.

पुढच्या आठवड्यात मी पेपर वाचायला गेलो तेव्हा बालविभागात रांग होती. मुलांना बदकापर्यंत पोचायला वेळ लागतो, मधे नुसत्या मजकुराची पानं येतात आणि ती ओढाताणीत तुटतात, म्हणून उन्नतीनं उपाय केला होता. मजकुराची सगळी पानं गठ्ठ्यागठ्ठ्यानं रबर लावून बंद केली होती. आता ग्रंथ उघडला की थेट बदक, मग थेट भोक, मग थेट बोंबील. “पानं जपायला हवीत ना काका, जुनी आहेत,” ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. ती पानं आता कुणी फाडणार नव्हतं.

सरांकडे जायचं मी टाळत होतो. जिन्यानं गेलं तर त्यांचं दार टाळता येत नाही, म्हणून लिफ्टनं जात होतो. शेवटी विनयानं मला हाताला धरून पहिल्या मजल्यावर सोडलं आणि बेल वाजवून स्वतः वर निघून गेली.

लूर्डसबाईंनी दार उघडलं. “या सेक्रेटरी. आज काय बांधायला नेताय? ही भिंत पन जुनी आहे.”

मी आत गेलो. सर खिडकीत होते. मी तयार करून आणलेली वाक्यं सुरू केली. झालेला प्रकार, तांत्रिक स्वरूपाची चूक, मला व्यक्तिशः वाटणारा खेद. कार्यालयीन भाषेत माफी मागता येत नाही, फक्त पोच देता येते. सरांनी हात वर केला.

“सेक्रेटरी, मी एक पान मागितलं होतं. तुम्ही वाचू दिलंत. मी वाचलं.” मग त्यांनी विचारलं, “शेवटची ओळ ऐकली का कुणी?”

मी माइकच्या सगळ्यांत जवळ होतो. मी मान हलवली, नाही म्हणून.

“त्या बाईकडे वाटखर्चाला दिलेल्या धान्यातले ओंजळभर तांदूळ उरले होते. तिनं गवत काढलं, चूल पेटवली आणि ते शिजवले. मला वाटलं, तिच्या पोरीसाठी. तिनं भाताचं पान माझ्यापुढे ठेवलं. मी म्हणालो, आधी तुम्ही खा. ती म्हणाली, तू हे सगळं लिहिणार ना? तुझ्या गावची माणसं वाचणार ना? मग तू खा. हात थरथरता कामा नये.” सर खिडकीबाहेर पाहत राहिले. “मी म्हणालो, वाचणार. आणि खाल्ला. ओळ तेवढीच आहे. ‘मी तो भात खाल्ला.’”

“गप ऱ्हावा आता,” लूर्डसबाई म्हणाल्या, आणि कुणीही मागितलं नसताना माझ्यापुढे पाणी ठेवून आत गेल्या.

घरी येऊन मी ताळेबंद मांडला. ती सवय आहे, इलाज नाही. चंद्रहासरावांना फोटो मिळाला, लाख फुटतानाचा, एका स्थानिक पेपरात ‘हास्यमेजवानी’ या मथळ्याखाली छापूनही आला. उन्नतीचे बालसभासद वाढले. सायमनकडे दोन शाळांनी पुस्तकं बांधायला पाठवली आहेत, तशीच, बदकासारखी. पाहुण्यांना मतं मिळतील. माझं नाव पत्रिकेत छापून आलं. सरांनासुद्धा बोलावणी येताहेत, कार्यक्रमाचं निमंत्रण म्हणून ‘येताना ते पुस्तक आणा’ असं लिहितात. बाजू सगळी जमेची, ओळीखाली ओळ, आणि समोरचं पान कोरं. असा हिशेब जुळत नाही. एवढ्या सगळ्यांना मिळालं, तर कुणीतरी भरलेलं असणार. मी पुन्हा वरपासून तपासलं. सरांचं नाव घालून पाहिलं, माझं घालून पाहिलं. आम्ही दोघांनीही जेवढं गमावलं तेवढं कुठून ना कुठून उचललेलं निघालं.

भरलं एकीनंच. ओंजळभर तांदूळ, आणि ते तिच्याकडचे शेवटचे होते.